दोन पालख्या, एक डोंगर

पुणे–सोलापूर रस्त्याने यवत सोडले की भांडगाव येते. गाडीतल्या प्रवाशाच्या ते मिनिटभरात मागे पडते. मी मात्र काही वर्षे नकाशा घेऊन या टापूत पायी हिंडतो आहे, ते एका साध्या प्रश्नापायी: देहू आणि आळंदीच्या दोन्ही पालख्या पंढरीलाच जातात, मग हडपसरला त्यांच्या वाटा का फुटतात?

‘परंपरा’ हे उत्तर खोटे नाही. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. पण वेगळे व्हायचे ठरल्यावर चालायचे कुठून, हे जमिनीने सांगितले.

सिंहगडाकडून पूर्वेला गेलेली भुलेश्वरची रांग इथले पाणी वाटते. उत्तरेचे मुळा-मुठेतून भीमेला, दक्षिणेचे कऱ्हेला. पलीकडे जायचे तर रांग ओलांडणे आलेच. प्रश्न एवढाच, की कुठे. माउलींची पालखी ती सुरुवातीलाच, दिवे घाटात चढते आणि कऱ्हेकाठच्या सासवडला पोहोचते. तुकोबांची पालखी डोंगर उजव्या हाताला ठेवून लोणी काळभोर, यवत, भांडगाव, वरवंड अशी सपाटीने चालते. पाटसच्या पुढे रांग ठेंगणी झाली, की रोटी घाटातून ती बारामतीच्या बाजूला उतरते. एकाच डोंगराला दोघींनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. वाखरीला पुन्हा भेट होते.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात जनरल वेड यांनी १७२५ पासून लष्करासाठी रस्ते बांधले. तिथे आधी हुकूम, मग रस्ता. आपल्याकडे पावलांनी आधीच निवडलेल्या या सपाटीवर पुढे सरकार आले. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून दिकसाळपर्यंत आगगाडी सुरू झाली. बोरघाटाचे काम तेव्हा पुरे व्हायचे होते. ते १८६३ मध्ये झाले.

रूळ मात्र जुन्या रस्त्याच्या उत्तरेने, नदीच्या अंगाने गेले. यवत, खुटबाव, केडगाव अशी स्टेशने झाली. भांडगाव रस्त्यावरच राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या अनाथ मुलींना पंडिता रमाबाईंनी आसरा दिला, तो याच केडगावात. वाट कुणासाठी पंढरीची असते, कुणासाठी जीव वाचवण्याची.

आपण गावाचा इतिहास लढायांत आणि सनदांत शोधतो. ज्या गावाच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही, त्याला इतिहासच नाही असे ठरवून मोकळे होतो. भांडगावासारख्या गावाचा दस्तऐवज त्याच्या उतारात आहे. रुंद महामार्गावर चाकांना तो उतार जाणवत नाही. आषाढीला चालणाऱ्या पायांना अजून जाणवतो. तो वाचायचा, तर एकदा यवत ते वरवंड पायी चालावे आणि उजवीकडे बघत राहावे. डोंगर हळूहळू बसका होत जातो, आणि वाट इथूनच का गेली ते कळते.