नकोशी दृश्ये डोळ्यांसमोरून हटत नाहीत तेव्हा...

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांमध्ये सात बॉम्बस्फोट झाले. माहीम, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड आदी स्थानकांच्या परिसरात झालेल्या या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, ७०० हून अधिक जखमी झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी घरातल्या चादरी आणून जखमींना उचलून नेले. त्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. त्यामुळे जखमींच्या यादीत त्यांची नावे आली नाहीत. पण त्यांनी जे पाहिले, त्याचीही जखम होऊ शकते. मुलुंडमधील २००३चा लोकलस्फोट असो वा घाटकोपरमध्ये १३ मे २०२४ रोजी १७ जणांचा बळी घेणारी होर्डिंग दुर्घटना. अशा प्रत्येक घटनेनंतर बचावलेल्यांइतकाच पाहणाऱ्यांचाही प्रश्न उरतो.

दृश्य का परतते?

एरवीची आठवण मनात स्थळ-काळाच्या क्रमाने साठवली जाते. पराकोटीच्या भीतीत हा क्रम विस्कटतो आणि आवाज, वास, रंग यांचे सुटे तुकडे मागे राहतात. त्यांच्यावर 'हे घडून गेले' अशी खूण नसते. म्हणूनच जळक्या रबराचा वास किंवा फटाक्याचा आवाज आला, की ते दृश्य आठवत नाही, तर पुन्हा घडू लागते. बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत त्याची तीव्रता ओसरते. महिना उलटूनही झोप उडणे, दचकणे, ती जागा टाळणे सुरूच राहिले, तर तो 'पीटीएसडी' म्हणजे आघातोत्तर तणावाचा विकार असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानसूचीत त्याला स्थान दिले.

ढकलाल तितके परतेल

'तो विचारच करू नकोस', हा घरोघरी दिला जाणारा सल्ला येथे उलटतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळण्यास सांगितले होते. ते त्यांना जमले नाहीच. शिवाय नंतर मुभा मिळताच, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. विचार आला की नाही, यावर पहारा ठेवण्यासाठीही मनाला तोच विचार जागा ठेवावा लागतो.

कधीही न घडलेली दृश्ये

काहींना छळणारे दृश्य प्रत्यक्षात घडलेलेच नसते. फलाटावर शेजारच्याला आपण ढकलतो आहोत किंवा तान्ह्या बाळाला आपल्या हातून इजा होते आहे, असे चित्र क्षणभर चमकते आणि माणूस स्वतःलाच घाबरतो. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डिसिल्वा यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले, की असे नकोसे विचार निरोगी माणसांच्या मनातही सर्रास येतात. चित्र म्हणजे इच्छा नव्हे. मात्र त्याला पाप मानून वारंवार खात्री करणे, जप किंवा हात धुणे सुरू झाले, की मंत्रचळाचा, म्हणजे 'ओसीडी'चा विळखा पडू शकतो.

काय करावे?

* दृश्य आले की त्याच्याशी झुंजू नये. 'ही आठवण आहे, आत्ता घडत नाही' असे मनाशी म्हणावे. पायाखालची जमीन, समोरच्या वस्तू, कानावर पडणारे आवाज यांकडे लक्ष द्यावे.
* दुर्घटनेची चित्रफीत पुनःपुन्हा पाहू नये.
* झोपेसाठी मद्याचा आधार घेऊ नये. झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत.
* टाळलेला लोकलप्रवास सोबतीने, टप्प्याटप्प्याने सुरू करावा.
* कुटुंबीयांनी सोबत करावी. 'काय पाहिलेस, सांग' असा आग्रह धरू नये.

उपचार आहेत

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी आघात-केंद्रित वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित 'ईएमडीआर' या पद्धतींची शिफारस केली. ओसीडीसाठी, भीती वाटणाऱ्या गोष्टीला सामोरे जाऊनही खात्री करण्याचा मोह आवरण्याचा सराव आणि औषधे उपयोगी पडतात. घटनेला वर्षे लोटली असली, तरी उपचारांना उशीर झाला असे समजू नये.

केईएम, शीव, नायर आणि कूपर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. स्वतःला वा इतरांना इजा करण्याची खरोखर ऊर्मी वाटत असेल किंवा तसा आदेश देणारे आवाज ऐकू येत असतील, तर मात्र वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.