थांबा म्हणण्याचा अधिकार

कॅनडातील पुष्कळ अभियंते काम करत्या हाताच्या करंगळीत एक साधी अंगठी घालतात. ती सोन्याची नसते, लोखंडाची वा पोलादाची असते. 1925 साली ही प्रथा सुरू झाली. तिच्या शपथविधीचा मजकूर लिहिला तो आपल्या मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंगने. क्वेबेकच्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडातून पहिल्या अंगठ्या घडवल्या, असे सांगतात. ही दंतकथा आहे. पण तिच्यामागची हकीकत खरी आहे.

क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर मोठा नावाजलेला, पण वयाने व प्रकृतीने थकलेला. न्यूयॉर्कला बसूनच तो निर्णय देई. त्याने गाळा 1600 फुटांवरून 1800 फुटांवर नेला. वाढलेल्या वजनाचा हिशेब मात्र वेळीच नव्याने झाला नाही. कामावर देखरेखीला त्याने नॉर्मन मॅकलूर हा तरुण अभियंता ठेवला होता.

1907 च्या ऑगस्टात खालच्या बाजूची एक पोलादी तुळई वाकू लागली. पाऊण इंचाचा बाक थोड्याच दिवसांत सव्वादोन इंच झाला. मुकादमाने काम थांबवण्याचे मनात आणले, पण पुन्हा चालू केले. मॅकलूर आगगाडीने न्यूयॉर्कला गेला. 29 तारखेस दुपारी कूपरने तार केली, की पुलावर आणखी भार घालू नये. पण तार गेली पेनसिल्व्हेनियातील कंपनीच्या कचेरीत, पुलावर नव्हे! तेथे ठरले, उद्या सकाळी पाहू. त्याच सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, काम सुटता सुटता, पुलाचा दक्षिण भाग काही सेकंदांत कोसळला. वर 86 माणसे होती, 75 दगावली. त्यांत तो मुकादम होता, आणि काह्नवाके गावचे 33 मोहॉक कामगारही होते.

चौकशी आयोगाने मुख्य दोष आराखड्याचा ठरवला, आणि ते योग्यच होते. पण धोका आधी दिसलेला असूनही माणसे गेली, याचे काय? ज्याला दिसत होते त्याच्या हाती सत्ता नव्हती, आणि ज्याच्या हाती सत्ता होती तो दूर होता.

भारतात 1996 च्या कायद्याने पाचशे वा अधिक मजुरांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. या माणसाचा धर्म मोठा कठीण! पगार मालकाचा घ्यायचा आणि राखण करायची मजुराच्या जिवाची. शंका येताच त्याने आधी काम थांबवावे, वरिष्ठांना मागाहून विचारावे. शंका खोटी ठरली तर एक दिवस वाया जाईल, चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. ती खरी ठरली तर मात्र सायंकाळी सगळी माणसे आपापल्या घरी पोहोचतील. त्यांना वाचवले कोणी, हे कदाचित कोणाला कळणारही नाही.