तांब्याने राखलेला धागा

प्रवरेकाठच्या नेवाशाला ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मणी पुष्कळ ठिकाणी सापडतात. इथे मात्र मण्यांच्या भोकांत ओवलेला धागाही टिकला होता, तीन हजारांहून अधिक वर्षे. ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने हे उत्खनन केले आणि धागा तपासला ए. एन. गुलाटी यांनी. १९६१ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा : कापसाच्या गुठळीवर कातलेले रेशीम.

गुलाटींचे नाव वाचून मी थबकलो. मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेले कापड कापसाचेच आहे, हे १९२८ साली ए. जे. टर्नर यांच्यासोबत दाखवणारे गुलाटी हेच. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेतला हा माणूस आपल्या कापसाच्या आणि रेशमाच्या, दोन्ही इतिहासांच्या उगमापाशी सूक्ष्मदर्शक घेऊन बसला होता. दोन्ही वेळा धागा राखला होता तो धातूने.

मग मी यादीच करत गेलो. बोलन खिंडीच्या तोंडाशी असलेल्या मेहेरगढला इसवीसनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातला कापसाचा धागा मिळाला, तो तांब्याच्या मण्यात. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला जवसाच्या खोडाचा धागा मिळाला, तोही तांब्याच्या मण्यांत. हडप्प्याचे रेशीम तांब्याच्या दागिन्यांत. याचे कारण उघड आहे. ओलाव्यात तांबे गंजते, त्याचे क्षार धाग्यात मुरतात आणि बुरशीला, जिवाणूंना ते विषारी ठरतात. कधी धागा कुजून जातो, पण त्याचा आकार क्षारांत जसाच्या तसा उतरलेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्याकडच्या धाग्याचा सुरुवातीचा इतिहास म्हणून आपण जो वाचतो, तो बव्हंशी तांबे अंगावर घालू शकणाऱ्यांचा इतिहास आहे. तागाची सुतळी, झाडांच्या सालीचे दोर, मातीच्या मण्यांतली ओवण, हे सगळे मातीत गेले. मोहेंजोदडोचे कापड चांदीला चिकटून टिकले आणि सिंधू संस्कृतीतल्याच चान्हुदडोचे रेशीम शंखजिऱ्याच्या मण्यांत, हे अपवाद मला मान्य आहेत. पण अशा एखाद-दुसऱ्या अपवादाने हा कल बदलत नाही.

खरा वाद रेशमाच्या कुळाचा आहे. रेशीम म्हटले की आपण चीनकडे बोट दाखवतो. तिथल्या तुतीच्या रेशमाचा मान जुना आहेच. त्यामुळे नेवाशाचा धागाही हस्ते-परहस्ते चीनहून आला असेल, असे म्हणता येते. मला ते पटत नाही. २००९ साली आयरिन गुड, जोनाथन मार्क केनॉयर आणि रिचर्ड मेडो या संशोधकांनी हडप्पा-चान्हुदडोचे तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते तुतीच्या किड्याचे नव्हे, रानातल्या पतंगांच्या जातींचे निघाले. काळ इ. स. पू. २४५० ते २०००, म्हणजे नेवाशाच्या कितीतरी आधीचा. उपखंडाला रेशीम शिकण्यासाठी चीनची वाट पाहावी लागली नव्हती.

नेवाशाच्या बाबतीत मला त्या कापसाच्या गुठळीतच दुवा दिसतो. कोशावरून अखंड तार उलगडणाऱ्याला कापसाचा आधार कशाला लागेल? तार लांबच लांब निघते. गुठळी लागते ती तुटक तंतू चातीवर घेणाऱ्याला. पतंग कोश भेदून उडून गेला की तार तुटते; मग उरलेला कोश पिंजून कापसासारखा कातावा लागतो. टसर या रानरेशमाचे फुटके कोश आजही असेच कातले जातात. माझ्या मते नेवाशाचे रेशीम रानातून गोळा केलेल्या कोशांचे असावे आणि कातणारे हात कापसाला सरावलेले असावेत. टसरचा किडा ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर जगतो. विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, हा कोसा, म्हणजे टसर, आजही घेतला जातो.

याला उत्तर देता येईल : फुटके कोश चिनी रेशमातही असतात आणि कातलेले रेशीम व्यापारातूनही येते. खरे आहे. पण मग पिंजलेले कोश हिमालयापलीकडून आणायचे आणि प्रवरेकाठी कापसात मिसळायचे, हे मानावे लागेल. रानातल्या झाडावरून कोश काढणे मला त्याहून कितीतरी सोपे वाटते.

याचा निकाल तंतूच्या छेदावर लागू शकतो. तुतीच्या रेशमाचा छेद साधारण त्रिकोणी, टसरचा चपटा आणि अंगावर उभ्या रेघा. दख्खनच्या ताम्रपाषाण वसाहतींतला तांब्याचा प्रत्येक मणी साफ करण्याआधी त्याच्या भोकात पाहायला हवे. गंज खरवडला की धागाही त्याबरोबर जातो.