येवला : मुक्तिभूमीचे गाव

येवला : नाशिक जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. जुन्या कागदपत्रांत ‘येवले’ असाही उल्लेख आढळतो. लोकसंख्या ४९,८२६ (२०११). हे गाव नाशिकच्या पूर्वेस सुमारे ८० किमी. अंतरावर आहे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता आणि मनमाडहून अहिल्यानगरकडे उतरणारा रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. दौंड–मनमाड लोहमार्गावर येवल्याचे स्थानक आहे. पैठणी घ्यायला येणारी बहुतेक माणसे मात्र रस्त्यानेच येतात आणि शिर्डीला जाता-येता वाट वाकडी करतात. तालुका कमी पावसाचा. उत्तरेला अनकाई-टनकाई हे जोडकिल्ले आणि टनकाईच्या पोटातली जैन लेणी आहेत. राजापूर-ममदापूरच्या माळरानावर काळविटांचे कळप दिसतात.

गाव वसवण्याचे श्रेय रघोजी नाईक यांना दिले जाते. त्यांनी पैठणहून विणकर आणि गुजरातेतून व्यापारी आणून इथे पेठ उभी केली, असे परंपरा सांगते. मोगलांकडून सातारकर छत्रपतींकडे आणि पुढे पेशव्यांकडे आलेले हे गाव माधवराव पेशव्यांच्या काळात विंचूरकरांना मिळाले. नगरपालिका १८५८ पासूनची, म्हणजे जिल्ह्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक.

येवल्याची बाजारातली ओळख पैठणीची. साळी, कोष्टी, खत्री घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालत आले आहेत. घरात शिरताच बैठकीच्या खोलीत माग, भिंतीशी रेशमाच्या लडी आणि आतून धोट्याचा ठरावीक लयीतला आवाज, हे दृश्य गल्लोगल्ली दिसते. काठापदरावरचे मोर, मुनिया, आसावली हे सारे उभ्या-आडव्या धाग्यांतून हातानेच उतरवले जाते, म्हणून भरगच्च पदराच्या एका साडीला महिनोन्‌महिने लागतात. संक्रांतीला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव पतंगांसाठी धाब्यावर असते. आसारीला मांजा गुंडाळलेला असतो, खाली हलकडी वाजत असते आणि वर पतंग कटला की आरोळी उठते.

१८५७ च्या युद्धातले सेनानी तात्या टोपे या गावचे. रामचंद्र पांडुरंग येवलेकर हे त्यांचे नाव, जन्म १८१४ च्या सुमाराचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, दुसरा बाजीराव बिठूरला गेला आणि त्याच्या पदरी असलेले हे कुटुंबही तिकडे गेले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी इथे तात्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या नावातले गाव शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिले. येवल्यात त्यांचे स्मारक आहे.

एवढे सारे असूनही आधुनिक भारताच्या इतिहासात येवल्याचे नाव घेतले जाते ते मुख्यतः एका दिवसामुळे, १३ ऑक्टोबर १९३५. त्या दिवशी इथे मुंबई इलाख्यातील दलित वर्गाची परिषद भरली. अमृतराव रणखांबे स्वागताध्यक्ष होते आणि सुमारे दहा हजार लोक जमले होते. हैदराबाद संस्थानातून आणि मध्य प्रांतातूनही प्रतिनिधी आले होते. याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही.

ही घोषणा अचानक झाली नाही. तिची पायवाट नाशिकच्या काळाराम मंदिरापासून निघते. २ मार्च १९३० रोजी तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड हे त्याचे प्रमुख चालक. हजारोंचा मोर्चा मंदिरापर्यंत गेला तेव्हा दरवाजे बंद होते. त्याच वर्षी रामनवमीला रथ ओढण्यावरून मारामारी झाली, दगड आले. पुढे वर्षानुवर्षे सत्याग्रही पकडले गेले, तुरुंगात गेले, सुटून परत उभे राहिले. गावोगावी त्यांच्यावर बहिष्कार पडले. दरवाजे बंदच राहिले. त्याआधी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला होता आणि तिथेही लाठ्याच मिळाल्या होत्या. १९३४ च्या मार्चमध्येच बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाची चळवळ पुढे चालवण्याबद्दल प्रतिकूल मत कळवले होते. मे १९३५ मध्ये त्यांच्या पत्नी रमाबाई गेल्या. घरातला हा आघात ताजा असतानाच ते येवल्याला आले.

भाषण दीर्घ होते. दहा वर्षांच्या लढ्यात काय मिळाले याचा हिशेब त्यांनी लोकांपुढे मांडला आणि हाती काही नाही हे स्पष्ट सांगितले. परिषदेने जो ठराव केला तो घोषणेइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो कमी आठवला जातो. जे लोक बरोबरीने वागवायला तयार नाहीत त्यांच्या दाराशी शक्ती खर्च करणे थांबवावे आणि देशातल्या इतर समाजांच्या बरोबरीचे, सन्मानाचे, स्वतंत्र स्थान मिळवण्यासाठी ती वापरावी, असा त्याचा आशय होता. नाशिकचा सत्याग्रह इथे संपला. पाच वर्षांहून अधिक काळ ज्यांनी त्यासाठी अंगावर काठ्या घेतल्या, त्यातल्या अनेकांसमोरच तो संपवण्याचे ठरले. मागे फिरण्यासाठी किती धैर्य लागते हे त्या मांडवात बसलेल्यांना पुरते ठाऊक असणार.

या ठरावाचा गाभा नागरिकत्वाचा आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची आणि बाबासाहेबांची पहिली भेट झाली, तेव्हा बाबासाहेबांनी आपल्याला मायभूमीच नाही असे सांगितले होते. जिथे कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागणूक मिळते, पाणी प्यायला मिळत नाही, त्या भूमीला आणि त्या धर्माला आपले कसे म्हणावे, हा त्यांचा प्रश्न होता. येवल्यात त्याच प्रश्नाला कृतीचे उत्तर दिले गेले. आपण कोणाचे आहोत हे जन्माने ठरलेले असले तरी आपण कोणाचे राहायचे हे माणूस ठरवू शकतो, हा अधिकार दहा हजार लोकांसमक्ष उच्चारला गेला.

घोषणेचे पडसाद देशभर उठले. गांधीजींना ती दुर्दैवी वाटली. धर्म हा घर किंवा अंगरख्यासारखा बदलता येत नाही, असे त्यांनी म्हटले. इस्लामी, ख्रिस्ती आणि शीख समाजांतील पुढारी संपर्कात आले, बनारसच्या महाबोधी सोसायटीकडून तार आली. एप्रिल १९३६ मध्ये बाबासाहेब अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली आणि धर्मांतर का, कसे, कोणत्या वाटेने, याचा ऊहापोह तिथे सविस्तर झाला. येवल्यापासून जेमतेम ३० किमी.वरच्या मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये त्यांनी रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे भाषण केले आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. या टापूशी त्यांचे नाते एका दिवसापुरते नव्हते. शब्द पाळायला त्यांनी २१ वर्षे घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. येवल्याच्या घोषणेला त्या दिवशी २१ वर्षे आणि एक दिवस झाला होता.

मधल्या काळात त्यांनी देशाच्या नागरिकत्वाचा पाया लिहिण्याचे काम केले. संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद (आजचा १७ वा) संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केला. नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ९ तर २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाले. प्रजासत्ताक होण्याची वाट न पाहता भारताने आपले नागरिक कोण हे आधी सांगितले. येवल्यात जमलेल्या त्या दहा हजारांपैकी जे तेव्हा हयात होते, ते या अनुच्छेदांनी कायद्याने भारताचे नागरिक ठरले.

राष्ट्राचे सदस्य होण्याला समारंभाचे रूप देण्याची रीत काही देशांत रुजली आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात थॉमस जेफरसन यांचे मॉन्टिसेलो हे घर आहे. तिथे १९६३ पासून दरवर्षी ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नव्या नागरिकांना शपथ दिली जाते. सगळी माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून बाळगले. त्यांच्या अंगणात आज जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले लोक हात वर करून उभे राहतात. भारतात नव्याने नागरिक होणाऱ्याची शपथ कचेरीत होते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तिचा मजकूर आहे. शपथ घेणारा संविधानाशी निष्ठेचे वचन देतो. समारंभ, सनई-चौघडा, गर्दी यांतले सहसा काही नसते. पण जे संविधान साक्षी ठेवले जाते, त्याच्या मसुद्याची धुरा वाहणाऱ्या माणसाने बरोबरीच्या स्थानाची मागणी येवल्याच्या सभेत मोठ्या आवाजात केली होती. मॉन्टिसेलोच्या तुलनेत येवल्याकडे ऐतिहासिक घर नाही, सरकारी सुट्टी नाही, शपथ देणारा न्यायाधीशही नाही. तरी सामूहिक प्रतिज्ञेची जागा म्हणून त्याचा हक्क मोठा आहे, कारण इथे कोणी कोणाला काही बहाल केले नाही. लोकांनी स्वतःला ओळखले.

परिषदेची ही जागा आता ‘मुक्तिभूमी’ म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र शासनाने इथे स्मारक उभारले असून स्तूपाच्या घडणीची वास्तू आणि बुद्धमूर्ती हे त्याचे मुख्य भाग आहेत. इतर दिवशी आवार शांत असते. १३ ऑक्टोबरला मात्र नाशिक जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसे येतात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे, पंचशील ध्वज. बुद्धवंदना होते, त्रिशरण-पंचशील एका सुरात म्हटले जाते, मग सभा. आजी नातवंडांना घेऊन येतात आणि ज्या वयात त्यांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिले नाही त्या वयाच्या मुलांना स्मारकापुढे उभे करून फोटो काढून घेतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर आणि १३ ऑक्टोबरच्या मुक्तिदिनाला येवला, अशी जोडणी अनेक घरांनी मनाशी केलेली आहे. ज्यांना दोन्हीकडे जाता येते ते एका पाठोपाठ एक प्रवास करतात.

आंबेडकरी मेळाव्यांची एक ठरलेली खूण इथेही दिसते, ती पुस्तकांची दुकाने. रस्त्याकडेला ताडपत्री टाकून बाबासाहेबांची भाषणे, चरित्रे, बुद्धवचने आणि संविधानाच्या मराठी प्रती मांडलेल्या असतात. उन्हात उभे राहून माणसे पाने चाळतात. कोणी शेतमजुरीच्या पैशांतून एक प्रत घेते, पिशवीत ठेवते आणि मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची वेळ विचारते.