गायरान कोणाचं? भूमिहीनांचं की माळढोकाचं?

जैवविविधतेसाठी गायरानावरचं अतिक्रमण हटवा, ही मागणी आता वाढते आहे. मराठवाड्यात हे 'अतिक्रमण' म्हणजे अनेकदा आपल्याच माणसांची दोन-चार एकर ज्वारी. म्हणून हा इतिहास आपल्याला पाठ हवा.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती मागितल्या. गावगाड्याच्या गुलामीतून सुटायचं तर पायाखाली स्वतःची जमीन हवी, हे त्यामागचं सूत्र. तेच घेऊन दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले. १९६४ च्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरीही कित्येकांच्या हाती अजून सातबारा नाही.

२०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. पण त्याच निकालात सरकारी आदेशाने भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. हटवा म्हणणारे तो अपवाद वाचत नाहीत.

दुसरी बाजूही आपण मान्य करू. 'पडीक' हा महसूल खात्याचा शब्द आहे. सारा मिळत नाही ती जमीन पडीक. पण माळ पडीक नसतो. तिथे गवत असतं, धनगराची मेंढरं चरतात, लांडगा फिरतो. माळ नांगरला की हे सगळं जातं. मात्र हे पाप एकट्या भूमिहीनाच्या माथी मारणं अन्याय आहे. सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी माळढोक जवळपास संपला. बागायती ऊस, विजेच्या तारा, माळावर केलेली झाडांची लागवड यांचा हिशेब कोण मागणार?

म्हणून आमची भूमिका अशी. १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्या प्रत्येकाला आधी सातबारा द्या, त्यावर बाईचंही नाव लावा. उरलेला माळ नांगराला, कंपनीला आणि झाडांच्या लागवडीलाही देऊ नका. तिथल्या चराईचे नियम भूमिहीन आणि मेंढपाळ मिळून ठरवतील. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती सांगितली आहे. आपल्या गावात ती आहे का आणि तिच्यात आपलं कोण बसतं, हे येत्या ग्रामसभेत विचारा.

गरिबाच्या ताटातून काढून घेतलेल्या घासावर कुठलंच रान टिकणार नाही.

जय भीम!