येझदी, आंबोली घाट आणि काकांची लेथ

बेळगावच्या आपल्या जुन्या घरांत मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हती, अख्ख्या घराची गाडी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा तयार होऊ लागली, 1973 पासून तिची येझदी झाली. आमच्याकडेही ऐंशीच्या दशकात एक येझदी होती. बाबा चालवणार, आई मागं, मी टाकीवर, आणि आंबोली उतरून सावंतवाडीला आजोळी.

घाटात पुढचा ब्रेक धरला की गाडी पुढून बसायची. आईचा भार बाबांच्या पाठीवर, बाबांचा माझ्यावर. पुढचे शॉकअप तळाला लागले की ‘टक्’ असा आवाज यायचा. मग खड्डा आला तर तो झेलायला शॉकअपमध्ये जागाच नसायची, दणका थेट हँडलला. ऐन वळणावर, एका बाजूला दरी असताना, हे साधं नव्हतं.

थोरले काका उद्यमबागेत लेथवर होते, हायड्रॉलिकच्या कामात हात बसलेला. बाबा म्हणाले, “दादा, जाड ऑइल घालूया, झालं.” काका म्हणाले, “वजन कुठं जातंय रे? ते पुढं येणारच की. किती बसायचं तेवढंच आपल्या हातात.”

हिशेब खरंच तसाच आहे. गाडी आणि माणसं मिळून 300 किलो, भाराचा मध्य जमिनीपासून 65 सेंमी, दोन चाकांतलं अंतर 130 सेंमी धरा. वेग दर सेकंदाला साधारण 18 किमीनं कमी केला, तर जवळपास 75 किलो भार मागच्या चाकावरून पुढच्यावर येतो. कुठलाही शॉकअप तो थांबवत नाही. जाड ऑइल गाडी बसण्याचा वेग कमी करतं, किती बसायचं ते मुख्यतः स्प्रिंग ठरवते. नुसतं ऑइल फार जाड केलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप वेळेवर वर येत नाही आणि चाकाची पकड सुटते.

म्हणून काकांनी थकलेल्या स्प्रिंगा बदलल्या. वर बसवायला दोन्ही बाजूंना अगदी सारख्या उंचीचे लोखंडी कॉलर लेथवर काढले. ऑइल सील नवे, ऑइल एकच पायरी जाड, दोन्हीकडं मापून सारखं. मग आम्हा तिघांना गाडीवर बसवून टेपनं माप घेतलं. त्यानंतर घाटात गाडी बसायची, पण तळाला लागायची नाही.

तेलावर चालणारा असा दुर्बिणीसारखा फोर्क बीएमडब्ल्यूनं 1935 मध्ये आर-12 वर आणला. तेव्हापासून हा प्रश्न सोबतच आहे. 1980 च्या दशकात जपानी कंपन्यांनी ब्रेक दाबताच शॉकअपमधली तेलाची वाट आवळणाऱ्या युक्त्या काढल्या. पण ब्रेक धरलेला असताना खड्डा आला की चाक ताठ व्हायचं, आणि काही वर्षांत त्या मागं पडल्या. चांगली स्प्रिंग आणि मोजकं ऑइल हाच मार्ग टिकला. आमच्याकडं 1999 मध्ये सीबीझेड पुढच्या डिस्क ब्रेकसह आली, ब्रेक जोरकस झाले, आणि काकांकडं हेच काम घेऊन नवी पोरं येऊ लागली.

येझदीचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं. अशा गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या काकांसारख्या लेथवरच्या माणसांनी. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. तुमच्या घरात, गल्लीत असं कोणी होतं का? खाली जरूर लिहा.