उघड्या दाराची प्रार्थना

‘इंजिनिअर असून बायबल मानतोस?’ टीममधल्या कुणी जेवताना विचारलं की मी विषय बदलतो. मग पंडिता रमाबाई आठवतात. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या नन्सशी वाद घालत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, म्हणाल्या! (हे मला फार आवडतं.) पुण्याच्या शारदा सदनात त्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत, मुली आपणहून येऊन बसत. ‘केसरी’नं झोडपलं, १८९३मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडंच राहिलं. पुढे दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. मी अजून डबा उघडताना मान खाली घालतो, मोबाईल बघतोय असं दाखवत.